संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की शेजारी दार वाजवतात

(या सदरात घरच्या टीव्ही, रेडिओ, स्पीकरबद्दल विचारा. उत्तर देणारा तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवून आता घरी बसलाय, त्यामुळे वेळ भरपूर आहे.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी बदलापूरला राहते, ऑफिस फोर्टला. सकाळी सव्वासातला घर सोडते ते रात्री आठ-सव्वाआठला परत, त्यात ठाण्यापर्यंत उभीच. घरी आल्यावर स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, आणि मग नऊ-साडेनऊला वाटतं की चला आता काहीतरी छान बघूया. तर आधी काय बघायचं यातच अर्धा तास जातो, ह्यांना मारामारी हवी, मुलीला कोरियन, मला काहीही चालेल पण रडारड नको. शेवटी एकदाचं काहीतरी लागतं तर त्यातलं बोलणं ऐकू येत नाही, आवाज 45 वर न्यावा तर लगेच गाणं नाहीतर धाडधाड गोळीबार, शेजारच्या काकू दार वाजवतात. मग परत कमी करा. रिमोट हातात घेऊनच झोप लागते मला. नवीन टीव्ही आहे, 43 इंची, घेऊन वर्षही नाही झालं. टीव्हीत फॉल्ट आहे का? साउंडबार, म्हणजे टीव्हीपुढे ठेवायचा तो लांबट स्पीकर, घेऊ का? — एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, टीव्हीत फॉल्ट नाहीये, आणि साउंडबारचे पैसे आत्ता तरी पाकिटातच ठेवा.

आधी टीव्हीच्या खाली हात घालून बघा. नवीन पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून असतात कारण पुढे त्यांना जागाच ठेवलेली नाही, सगळा पडदाच पडदा. आमच्या बहिणीकडे हीच तक्रार होती, मी गेलो तर टीव्ही युनिटवर तिने मखमली कापड अंथरलेलं, त्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर टीव्ही, आणि पुढ्यात दोन फोटोफ्रेम आणि एक पितळी हत्ती. आवाज खाली येणार तो सगळा मखमलीत मुरणार! कापड काढलं, हत्ती बाजूला सरकवला, टीव्ही युनिटच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढला. बहीण म्हणाली, अरे दादा, नवीन स्पीकर बसवलास की काय. फुकटात झालं काम. तुमचा भिंतीवर असेल आणि पीओपीच्या कोनाड्यात बसवलेला असेल तर मात्र थोडी अडचण आहे, तिथे सेटिंगवरच भागवावं लागेल.

आता सेटिंग. सिनेमाचा आवाज हल्ली 5.1 मध्ये येतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा डबा असं धरून तो बनवलेला असतो, आणि माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. तुमच्या टीव्हीला स्पीकर दोन. मग टीव्ही त्या सगळ्यांची खिचडी करून दोनात ओततो आणि त्यात बोलणं खाली दबतं, स्फोट वर येतात. म्हणून ज्या ॲपवर सिनेमा बघता त्यात भाषेची यादी उघडून बघा, तीच भाषा दोनदा दिसली, एकदा नुसती आणि एकदा पुढे 5.1 लिहिलेली, तर नुसती निवडायची. मग टीव्हीच्या साउंड मेनूत जाऊन ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तशाच नावाचं काही असेल ते चालू करा, आणि ‘नाईट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ असेल तर तेही. त्याने मोठा आवाज दाबला जातो, बारीक वर येतो. सिनेमाप्रेमी नाक मुरडतील, मुरडू देत, त्यांना सकाळी सव्वासातला निघायचं नसतं.

अजून एक. तुमचा किचनचा एक्झॉस्ट आणि हॉलचा पंखा दोन्ही पाचवर चालू असणार, मी इथून सांगतो. जेवण आटोपून एक्झॉस्ट बंद करा, पंखा तीनवर आणा, आणि मग बघा 45 चं 25 होतं की नाही.

एवढं सगळं करूनही नाही जमलं तर साउंडबार घ्या, पण टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय भोकाशेजारी ‘एआरसी’ लिहिलंय त्यालाच जोडायचा. माझ्या घरी दुकानवाल्या पोराने दुसरीच वायर लावून दिली होती आणि मी, तीस वर्षं टीव्ही उघडलेला माणूस, तीन आठवडे दोन रिमोट घेऊन बसत होतो. एआरसीला लावला आणि सेटिंगमध्ये एचडीएमआयचा कंट्रोल चालू केला की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमीजास्त होतो.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम, काय बघायचं. हे घरी येऊन ठरवायचंच नाही. दमलेलं माणूस निवडू शकत नाही, ते नुसतं बोट दाबत राहतं. तुमच्या डब्यात बायका येताना भाजी निवडतात ना, शेंगा सोलतात, तसंच हे काम गाडीतच उरकायचं. बसायला मिळालं की फोनवर त्याच ॲपमध्ये एक गोष्ट शोधून ‘माय लिस्ट’मध्ये टाका, टीव्हीवर तुमचंच प्रोफाइल असेल तर घरी ती आपोआप दिसते. दिवस वाटून घ्या, सोमवार ह्यांचा, मंगळवार मुलीचा, बुधवार तुमचा, ज्याचा दिवस त्याचं ऐकायचं आणि कुरकुर करायची नाही. आणि कामाच्या दिवशी अडीच तासांचा सिनेमा लावूच नका हो. विविध भारतीवर हवा महल लागायचं ना रात्री आठला, पंधरा मिनिटांचं, जेवता जेवता ऐकून संपायचं आणि माणूस खूश. दिवसभर राबलेल्याला तेवढंच झेपतं. वीस-पंचवीस मिनिटांचा एक भाग बघा आणि बंद करा. सिनेमा शनिवारी.

प्रश्न : मुलाने मोठा टीव्ही घेऊन दिला. त्यावर जुने सिनेमे लावले तर सगळं मालिकेसारखं दिसतं, माणसं तुरूतुरू चालल्यासारखी वाटतात, चकचकीत आणि खोटं. मुलगा म्हणतो बाबा तुम्हाला सवय नाही. — निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तुमचे डोळे शाबूत आहेत, मुलाला सांगा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांत काढलेला असतो. नवीन टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं बनवून घालतो म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. क्रिकेटला ते बरं वाटतं, सिनेमाची मात्र रया जाते. पिक्चर सेटिंगमध्ये ते बंद होतं, फक्त प्रत्येक कंपनीने वेगळं बारसं केलंय, कुठे ‘ट्रूमोशन’, कुठे ‘मोशनफ्लो’, कुठे ‘ऑटो मोशन प्लस’. ‘फिल्ममेकर मोड’ दिसला तर तोच लावा, बाकी शोधत बसू नका. रंग पहिल्या दिवशी जरा पिवळट वाटतील, दोन दिवस थांबा. दुकानात लावलेला भडक निळा मोड दुकानाच्या उजेडासाठी असतो, आपल्या हॉलसाठी नाही.

प्रश्न : मी हिंजवडीत नाईट शिफ्टला आहे, माझी संध्याकाळ सकाळी सहाला होते, रूमवर दोघं झोपलेले असतात. लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडफोन लावून बघतो तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. वायफाय नाही, फोनचा रोजचा 2 जीबी तासाभरात उडतो. — एक वाचक, पुणे

उत्तर : मित्रा, वायरवाला हेडफोन घे, शंभर-दोनशे रुपयांचा चालेल. ब्लूटूथला आवाज पाठवायला थोडा वेळ लागतोच आणि स्वस्तातल्या हेडफोनात तो उशीर डोळ्यांना कळतो. डेटाचं म्हणशील तर एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत जातात, तेच साधी क्वालिटी ठेवलीस तर 1 जीबीच्या आत भागतं, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर सकाळी सहाच्या झोपाळू डोळ्यांना फरक कळणार नाहीये. ऑफिसच्या वायफायवर डाऊनलोड करू नको. आयटीवाल्यांचा मेल येतो.

प्रश्न : आईला टीव्ही नको असतो, रेडिओच हवा. पण आमच्या बिल्डिंगमध्ये नुसती खरखर येते. — मुलुंड

उत्तर : त्यांना फोनवर प्रसार भारतीचं ‘न्यूज ऑन एअर’ ॲप टाकून द्या, त्यात विविध भारतीही आहे आणि मुंबईची अस्मिता वाहिनीही. पण फोन हातात देऊ नका, जुन्या माणसांना ते काचेवर बोट फिरवणं नको वाटतं. एक छोटा स्पीकर घ्या ज्याला आवाजाचं गोल फिरवायचं बटण आहे, दाबायचं नाही, फिरवायचं. आणि तो फ्रिजवर ठेवू नका, फ्रिजची घरघर त्यात मिसळते. त्यांच्या उशाशी ठेवा, रात्री दहाला छायागीत लागतं.