जमिनीतून निघालेली तलवार रोमन आहे, हे कशावरून ओळखतात?

आधी पात्याची लांबी आणि आकार बघतात. पातं आखूड, दोन्ही कडांना धार आणि टोक भोसकायला सोयीचं असेल, तर ग्लॅडियस, म्हणजे रोमन सैनिकांची आखूड तलवार. त्यातही कमरेला किंचित बारीक आणि लांब निमुळत्या टोकाची ती माइन्झ प्रकारची, म्हणजे जुनी. सरळ समांतर कडांची ती पॉम्पेई प्रकारची, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. पातं साधारण ६० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की बहुधा स्पाथा, म्हणजे लांब रोमन तलवार. पण एवढ्यावर शिक्का मारू नये, कारण केल्टिक आणि जर्मन टोळ्यांच्या तलवारीही दिसायला जवळपास तशाच असतात. आणि गंज चढला की कडा कुठे संपते तेच कळत नाही, म्हणून एक्स-रे काढावाच लागतो.

खरी साक्ष मूठ, म्यान आणि आजूबाजूच्या वस्तू देतात. २०२३ मध्ये इस्रायलमध्ये एन गेदीजवळच्या गुहेत चार तलवारी सापडल्याचं जाहीर झालं. कोरड्या हवेमुळे लाकडी आणि चामडी म्यानंसुद्धा टिकली होती! तिघींची पाती ६० ते ६५ सेंटिमीटर, म्हणजे स्पाथा. चौथीचं ४५ सेंटिमीटर आणि मुठीच्या टोकाला कडी. गुहेच्या तोंडाशी बार कोखबाच्या, म्हणजे ज्यूंनी रोमविरुद्ध केलेल्या बंडातलं (इ.स. १३२–१३५) नाणं मिळालं. म्हणून घडणीवरून तलवारी रोमन असल्या, तरी तिथे लपवल्या बहुधा ज्यू बंडखोरांनी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

तुमच्या हाती अशी काही आलीच तर घासूनपुसून लख्ख करायला जाऊ नका. गंजाला चिकटलेले लाकडाचे, चामड्याचे कण त्यातच जातात.