पाण्यात बैल कशाला?

प्रश्न : सर, आमच्या हर्णै बंदरात होड्यांतली मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात जातात, हे लहानपणापासून पाहत आलोय. पण होआकिन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराच्या एका चित्रात बैल चक्क होडीच ओढताना दिसले. असं खरंच करत असत का? दुसरं म्हणजे, मी बंदराची चित्रं काढतो, त्यात माणसं नंतर आणून चिकटवल्यासारखी दिसतात. काय करू?
— एक वाचक, दापोली

उत्तर : खरंच करत असत. सोरोया जन्माने व्हॅलेन्सियाचा आणि १८९४ सालचं हे चित्रही तिथल्याच किनाऱ्याचं. आपल्याकडे भरती साधून होडी वर घेता येते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी नावापुरती, त्यामुळे जड होडी वाळूवर चढवायला बैलच पाण्यात उतरवावे लागत. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, तब्बल चार मीटर रुंद!

आता तुमची माणसं. सोरोयाचं चित्र पुन्हा समोर घ्या आणि फक्त एवढंच शोधा : कोण काय ओढतंय? शीड वाऱ्याने फुगलंय, म्हणजे वाराही कामाला लागलाय. बैल जोर लावताहेत, माणसं त्यांच्या बरोबरीने राबताहेत. सगळ्यांचा भार त्या एका होडीवर आहे, म्हणून तिथलं कुणीही उचलून बाजूला ठेवता येत नाही. उन्हाने उजळलेलं शीड मलाही भुरळ घालतं, पण चित्र उभं आहे ते या ओढीवर. कष्ट त्याला ठाऊक होते. त्याच वर्षी त्याने होडीच्या पोटात पडलेला जखमी तरुण खलाशी रंगवला आणि चित्राला नाव दिलं, ‘आणि तरी म्हणतात मासळी महाग!’

तुम्ही बहुतेक आधी आकाश-पाणी पुरं करता आणि उरलेल्या जागेत माणसं बसवता. हा क्रम उलटा करा. बंदरावर रंगपेटी नेऊच नका, पेन्सिल आणि वही पुरे. गाडीचं चाक वाळूत किती रुतलंय, पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईची मान आणि कंबर कुठे ताठ होते, बैल कोणत्या पायावर जोर देतो, हे रेघांत पकडा. नाकडोळे नकोत. वाकलेल्या पाठीची एक रेघ बरोबर आली की पुढे पाणी किती दाखवायचं ते तीच ठरवते. अशी पाच-सहा पानं भरली की मला पाठवा, रंगांचं त्यानंतर बोलू.