नव्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक): आधी पाऊस मोजायला शीक

प्रशिक्षणातली पुस्तिका जपून ठेव, पण ती सातारा जिल्ह्याला एकाच मापाने लावू नकोस. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम 500. माणमधल्या दहिवडीतला सल्ला भरपूर पावसाच्या पाटणला चालत नाही.

तुझ्या गावांत दोन-तीन शेतकऱ्यांना साधं पर्जन्यमापक लावायला सांग. महसूल मंडळाचा (अनेक गावांचा मिळून एकच) आकडा आणि शिवारातला पाऊस यांत फार फरक पडतो. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे सांगताना तुझ्याकडे त्या शिवाराचाच आकडा हवा. शेजाऱ्याने पेरलं की माणूस थांबत नाही, आणि दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच बोकांडी बसतो.

मे महिन्यात उगवणक्षमतेचं प्रात्यक्षिक घे. ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवायचे, 70 तरी उगवले पाहिजेत. हे भाषणात सांगू नकोस, करून दाखव, आणि बायकांना हमखास बोलव. घरचं बियाणं त्याच राखतात.

रुंद सरी वरंब्याचा, म्हणजे रुंद वाफ्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी या पेरणीचा, आग्रह मात्र सोडू नकोस. पावसात खंड पडला तर ओल टिकते, धो-धो कोसळला तर पाणी सरीतून निघून जातं. पहिल्या वर्षी एकाच शेतकऱ्याचं अर्धं रान माग, उरलेलं अर्धं त्याच्या पद्धतीने राहू दे. ऑगस्टमध्ये शिवारफेरी तिथेच काढ आणि बोलायचं काम त्यालाच दे.