सी ड्राइव्ह भरलाय, आयट्यून्समधली सगळी गाणी बाहेरच्या हार्डडिस्कवर कशी न्यायची?

नुसतं फोल्डर उचलून तिकडं टाकू नका बघा, आयट्यून्स जुन्याच जागी शोधत बसतंय आणि गाण्यापुढं उद्गारचिन्ह दाखवतंय. हार्डडिस्क लावा, विंडोजवर एडिट, प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन मीडिया फोल्डरची जागा बदलून हार्डडिस्कवरचा नवीन फोल्डर द्या, मग फाइल, लायब्ररी, ऑर्गनाइझ लायब्ररी, तिथं कन्सॉलिडेट फाइल्सला टिक मारून ओके करा आणि चहा पिऊन या, कारण गाणी जास्त असली तर वेळ लागतोय.

हे फक्त कॉपी करतंय, जुनं तसंच राहतंय. चार-दोन गाण्यांवर राइट क्लिक करून फाइल कुठं आहे बघा, नवीन ड्राइव्ह दिसला की मगच सी वरचा मीडिया फोल्डर उडवा. तेवढाच हं! शेजारची आयटीएल (.itl) म्हणजे लायब्ररीची फाइल ठेवा, प्लेलिस्ट, रेटिंग सगळं तिच्यात असतंय.

डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर आपल्याकडं पावसाळ्यात हे काम नकोच, मधेच लाईट गेली की अर्धवट फाइल्स. मॅकवरही लावायची असेल तर डिस्क रिकामी असतानाच एक्सफॅट या दोन्हीकडं चालणाऱ्या प्रकारात फॉरमॅट करून घ्या, विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवर मॅक वाचतो पण लिहीत नाही.

आणि घरातल्या कॅसेटवरून उतरवलेलं काही असलं, सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचं म्हणा किंवा गायक मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांची कन्नड वचनं, तर त्याची आणखी एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर टाकूनच सोडा, ते परत कुठं मिळणार?