पनीर, दूध आणि एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) नमुना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ‘अ‍ॅनालॉग पनीर’ विकणं हा गुन्हा आहे का? (नाशिक)

अ‍ॅनालॉग म्हणून सांगून, तसं छापून विकलं तर नाही. त्यात दुधाच्या फॅटची जागा पामतेलासारखं वनस्पती तेल घेतं, कधी स्टार्चही असतो. मात्र ‘पनीर’ म्हटलं की मापदंड लागू होतो: ओलावा 60 टक्क्यांच्या आत आणि कोरड्या भागात दुधाची फॅट निदान 50 टक्के (लो फॅटचं माप वेगळं). लेबल खोटं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 52 खाली 3 लाखांपर्यंत, माल कमी दर्जाचा निघाला तर कलम 51 खाली 5 लाखांपर्यंत दंड होतो. खरी गोम सुट्या मालात आहे. हॉटेलात लादी येते तेव्हा पिशवीवर अ‍ॅनालॉग छापलेलं असू शकतं, पण ताटात तुकडे पडेपर्यंत ती पिशवी कचऱ्यात गेलेली असते. म्हणून तक्रार करताना हॉटेलच्या खरेदीची बिलं तपासा, अशी मागणी लेखी करा.

प्रश्न: आयोडीन टाकलं, पनीर निळं झालं नाही. म्हणजे अस्सल ना? (पुणे)

नाही. तुकडा पाण्यात उकळून, गार करून आयोडीनचे थेंब टाकले की फक्त स्टार्च कळतो. नुसत्या तेलाचं पनीर या चाचणीत बिनबोभाट पास होतं. तेल ओळखायला प्रयोगशाळाच लागते.

प्रश्न: एफडीएने माझ्या डेअरीतून दुधाचा नमुना नेला. मी काय पाहायला हवं होतं? (सांगली)

पहिलं म्हणजे दूध ढवळलं का. उभ्या कॅनमध्ये साय वर येते; वरून घेतलं तर फॅट जास्त, तळातून घेतलं तर कमी. गाईच्या दुधाला फॅट 3.2 आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) 8.3 टक्के लागतं, तेव्हा एवढ्या फरकानेही चांगलं दूध नापास होऊ शकतं. ढवळायचा आग्रह जागेवरच धरा.

अधिकारी नमुना घेत असल्याची फॉर्म पाच-अ ची नोटीस देतो, नमुन्याची किंमत देतो आणि नमुन्याचे 4 भाग करतो. दुधात दर 25 मिलीला 2 थेंब फॉर्मालिन (दूध टिकवणारं रसायन) घालतात. ते घालायचं राहिलं तर दूध वाटेतच नासतं आणि अहवालाला अर्थ उरत नाही. तुमची सही निम्मी नमुन्याच्या कोड क्रमांकाच्या चिठ्ठीवर, निम्मी वेष्टनावर यायला हवी. मग पुडकं कुणी उघडलं तर लगेच दिसतं.

एक भाग अन्न विश्लेषकाकडे (नमुना तपासून अहवाल देणाऱ्याकडे), दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (नमुना घेणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे) जातात. चौथा भाग तुम्ही मागितलात तर तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही मागणी बहुतेक दुकानदार करतच नाहीत, आणि तिथेच हातची संधी जाते. दोन अहवालांत तफावत आली तर रेफरल प्रयोगशाळेचा (अशा वादात फेरतपासणी करणाऱ्या वरच्या प्रयोगशाळेचा) निकाल अंतिम. विश्लेषकाला 14 दिवसांची मुदत असते. अहवाल विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करा.

प्रश्न: ग्राहकाला स्वतः तपासणी करून घेता येते? (ठाणे)

येते, त्याच कायद्याच्या कलम 40 खाली. पण खरेदी करतानाच विक्रेत्याला ‘हे तपासणीला पाठवणार आहे’ असं सांगावं लागतं. घरी नेऊन, दोन दिवसांनी शंका आली म्हणून पाठवलं तर ही अट पाळली जात नाही. फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे द्या. भेसळ निघाली तर फी परत मिळते. एवढं करणं जमत नसेल तर बिल, बॅच नंबर आणि वेष्टनाचा फोटो घेऊन राज्याच्या एफडीएला 1800-222-365 वर कळवा.