अ‍ॅल्युमिनियम आणि खारं पाणी: वाचकांचे प्रश्न

मालवण : आउटबोर्ड इंजिनाच्या (होडीच्या मागे बाहेरून बसवतात ते) खालच्या भागावर रंगाला फोड येतात, आत पांढरी भुकटी निघते. मागच्या वर्षीच होडीच्या तळाचा शेवाळरोधक रंग इंजिनालाही मारला होता.

रोग त्या रंगातच असावा. अशा बहुतेक रंगांत तांब्याचा ऑक्साइड असतो. फायबरच्या होडीला तो चालतो, अ‍ॅल्युमिनियमला मात्र विष. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, तोच त्याचं चिलखत. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं. तिथे तांब्याचा कण बसला की जणू छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांनी झिजतं. पांढरी भुकटी हे त्याचंच हायड्रॉक्साइड.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत होडी वर असते, तेव्हा रंग पूर्ण खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, कोरडं झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या. काम छपराखालीच करा, दमट धातूवर प्रायमर धरत नाही. वरचा रंग तांबेविरहित हवा.

रत्नागिरी : इंजिनाला लावलेला जस्ताचा ठोकळा दोन हंगामांत जराही झिजला नाही. चांगलंच ना?

नाही, ही काळजीची गोष्ट आहे! इंजिनाऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम. बहुधा त्यावर कोणीतरी रंग फासलाय किंवा बोल्टखाली गंज साचून धातूचा धातूशी संपर्क तुटलाय. बैठक घासून चकचकीत करा. ठोकळा निम्मा झिजला की बदला. जोर वाढवायला मॅग्नेशियमचा मात्र लावू नका. तो गोड्या पाण्यासाठी. समुद्रात संरक्षण अति झालं की धातूलगत अल्कली तयार होते, आणि अ‍ॅल्युमिनियम अल्कलीतही विरघळतं.

अलिबाग : नव्या बोटीला अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंपैकी 6061 चा पत्रा घ्यावा की 5083 चा?

तळाला 5083, एच116 या समुद्री वापराच्या प्रतीचा. यात सुमारे साडेचार टक्के मॅग्नेशियम असतं, तांबं नगण्य. मात्र दीर्घकाळ 65 अंश सेल्सिअसपुढे तापणाऱ्या जागी तो वापरू नका, धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर तडे जाऊ शकतात. 6061 चौकटी-नळ्यांना ठीक.

दापोली : रेलिंगला स्टीलचे बोल्ट चालतील?

स्टेनलेस चालतील, कारण लहान बोल्ट, मोठं अ‍ॅल्युमिनियम, त्यामुळे झीज एका जागी न साचता पसरते. दोन धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती नायलॉनचीच बाही (नळी) घाला, फटीत सीलंट भरा. पितळेचा नट नको, त्यात तांबं असतं.