पितळ हे संयुग की मिश्रण?

प्रश्न : नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेला पितळी तांब्या दाखवत मुलीने विचारले, की तांबे आणि जस्त एकत्र येऊन पितळ होते, तर ते संयुगच नाही का? मला उत्तर देता आले नाही. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे, कारण पितळ डोळ्यांना अगदी एकजिनसी दिसते, तरीही ते संयुग नसून समांगी मिश्रण आहे, आणि धातूंच्या अशा मिश्रणाला संमिश्र म्हणतात. संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते : पाणी गोदावरीचे असो वा विहिरीचे, शुद्ध केल्यावर त्यात वजनाने 1 भाग हायड्रोजनला 8 भाग ऑक्सिजनच असतो. पितळात तसे बंधन नाही. जस्त 10 टक्क्यांच्या आसपास असले तर भांडे तांबूस दिसते, 30 टक्क्यांच्या आसपास गेले की पिवळेधमक होते, आणि दोन्हींना आपण पितळच म्हणतो. त्यात जस्ताचे अणू तांब्याच्या स्फटिकरचनेत काही जागा घेऊन बसलेले असतात.

खरे संयुग पाहायचे असेल तर तोच तांब्या काही महिने न घासता ठेवावा. हवेतील ऑक्सिजन, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे त्यावर काळपट, क्वचित हिरवट थर चढतो. तो प्रामुख्याने तांब्याच्या ऑक्साइडचा व कार्बोनेटचा असतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल त्याच्याशी अभिक्रिया करून तो विरघळवते, आणि खालचे पितळ पुन्हा उजळते.